आत्म्याचा बाप्तिस्मा आणि अन्य भाषा : मराठवाड्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर जालन्याकडचं, चार पिढ्यांपासून मिशनचं. आजोबा चर्चची घंटा वाजवायचे, बाबा त्याच चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मी बाविसाव्या वर्षी पेन्टेकॉस्टल मंडळीत गेलो. तेव्हापासून लग्नात, मयतीत, एसटीत, कुठंही पाव्हणे भेटले की चहा यायच्या आत विषय निघतो : "तुमच्यात ते काय बडबडतात म्हणे?" गेली काही वर्षं मंडळीत शनिवारचा बायबल वर्ग मी घेतो. तिथं आणि बाहेर जे प्रश्न आले त्यांतले हे. उत्तरं माझी आहेत. आमच्याच पास्टरांना यातली दोन-तीन पटणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

पेन्टेकॉस्टल म्हणजे नेमके कोण? जुन्या चर्चपेक्षा वेगळं काय?

'पेन्टेकॉस्ट' या ग्रीक शब्दाचा अर्थ पन्नासावा. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा सण तो हा. येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या पहिल्याच अशा सणाला यरुशलेमात शिष्य एकत्र जमले होते. वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारखं काही दिसलं आणि ते सगळे अन्य, म्हणजे कधी न शिकलेल्या, भाषांतून बोलू लागले, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. सगळेच ख्रिस्ती ही गोष्ट मानतात. ती त्या दिवशीच संपली नाही, आजही घडते, असं म्हणतो तो पेन्टेकॉस्टल.

मराठवाड्यातली जुनी ख्रिस्ती वस्ती बहुतेक मिशनच्या कामातून उभी राहिली. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, ते एकोणिसाव्या शतकात. औरंगाबादेत अँग्लिकन मिशन होतं, उदगीर-बिदर पट्ट्यात मेथडिस्ट. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आमचं चर्च त्यात गेलं. तिथं छापील उपासना असते, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा असतो, मोठ्यानं रडणाऱ्याकडं लोक वळून बघतात. आमच्याकडं छापील काही नसतं, बाप्तिस्मा कळत्या वयात आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. आता मराठवाड्यात बुडवायचं म्हणजे पाणी कुठून आणायचं हा वेगळाच प्रश्न! एका दुष्काळात आमच्या सहा जणांचे बाप्तिस्मे पावसाळ्यापर्यंत लांबले होते. शेवटी एका भावाच्या शेततळ्यात झाले, खालच्या प्लास्टिकवर पाय घसरत घसरत.

पाण्याचा बाप्तिस्मा झाला की पुरे नाही का? हा आत्म्याचा दुसरा कशाला?

पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवला की तारण होतं, पवित्र आत्मा त्या माणसात राहायला येतो. इथवर आमचं आणि इतरांचं एकमत आहे. त्यापुढं आम्ही म्हणतो की आणखी एक अनुभव आहे, तारणाहून वेगळा, बहुतेकदा नंतरचा. त्यात आत्मा माणसाला भरून टाकतो आणि साक्ष द्यायला सामर्थ्य देतो. आधार कृत्ये १:८ चा : आत्मा आल्यावर तुम्हाला सामर्थ्य मिळेल आणि तुम्ही साक्षी व्हाल, असं येशू शिष्यांना सांगतो. शोमरोनातल्या लोकांनी वचन स्वीकारलं, बाप्तिस्माही घेतला, तरी आत्मा आला तो पेत्र आणि योहान यांनी येऊन हात ठेवल्यावर (अध्याय ८). इफिसातल्या बारा-एक शिष्यांचंही तसंच (अध्याय १९).

दुसऱ्या बाजूचे लोक १ करिंथ १२:१३ दाखवतात. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं हे पहिलं पत्र. तिथं तो म्हणतो, आपल्या सर्वांचा एकाच आत्म्यात बाप्तिस्मा झाला आहे. मग दुसरा कुठून आला? मुद्दा वजनदार आहे. आमचे लोक उत्तर देतात की कृत्ये लिहिणारा लूक आणि पौल एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. पण ज्यांना वाटत नाही त्यांना मी अर्धवट विश्वासणारे म्हणणार नाही. 'आत्म्यानं भरलेले' आणि 'कोरडे' अशी मंडळीची वाटणी झाली की भाऊबंदकीला शेताच्या बांधाची गरज उरत नाही.

अन्य भाषा बोलली तरच आत्मा मिळाला, असं का म्हणतात?

कृत्यांच्या पुस्तकात आत्मा मिळाल्याच्या पाच घटना आहेत. त्यांतल्या तीन ठिकाणी, म्हणजे यरुशलेम, कर्नेल्य या रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचं घर आणि इफिस इथं, लोक भाषा बोलल्याचं स्पष्ट लिहिलंय. शोमरोनात काय झालं ते सांगितलेलं नाही, पण जादूगार शिमोनाला काहीतरी दिसलं म्हणूनच त्यानं ते सामर्थ्य विकत घ्यायला पैसे पुढं केले. पौलाच्या वेळीही भाषेचा उल्लेख नाही. मात्र करिंथकरांना तो लिहितो की मी तुम्हा सर्वांपेक्षा जास्त भाषा बोलतो. कर्नेल्याच्या घरची गोष्ट आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा निघते. परक्या जातीच्या माणसाला आत्मा मिळाला हे यहुदी विश्वासणाऱ्यांनी ओळखलं कशावरून? त्यांना भाषा बोलताना ऐकलं, म्हणून.

यावरून 'अन्य भाषा ही पहिली बाह्य खूण' असा सिद्धान्त उभा राहिला. असेंब्लीज ऑफ गॉड या १९१४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संघटनेनं १९१६ मध्ये तो आपल्या मूलतत्त्वांत घातला. पुढं 'केवळ येशू' मानणाऱ्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य न मानणाऱ्या, काही गटांनी भाषेशिवाय तारणच नाही असं धरलं. सर्वसाधारण पेन्टेकॉस्टल असं मानत नाहीत. तुम्हाला कोणी 'भाषा नाही तर स्वर्ग नाही' म्हणालं, तर कुठल्या मंडळीचे म्हणून विचारा.

आता अडचण. १ करिंथ १२ च्या शेवटी पौल विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? प्रश्नाच्या घडणीतच उत्तर 'नाही' आहे. आमचे अभ्यासक इथं फरक करतात : पहिल्यांदा भरताना येणारी भाषा ही खूण आणि मंडळीत संदेश म्हणून बोलायची भाषा हे कृपादान. खूण सगळ्यांना, दान काहींना. मी बरीच वर्षं हेच शिकवलं. आता शिकवताना आवाज थोडा खाली येतो. का, ते केडगावच्या प्रश्नात येईल.

ही खरी भाषा असते का? कोणत्या देशाची?

हा प्रश्न मराठीतच जास्त पडतो, कारण आपण 'भाषा' म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ग्लोसा. त्याचा अर्थ जीभही होतो आणि भाषाही. मराठी माणूस 'अन्य भाषा' ऐकतो आणि लगेच तेलुगू की कन्नड असं विचारतो.

बायबलात दोन्ही चित्रं आहेत. पन्नासाव्या दिवशी पार्थी, मेदी, एलामी वगैरे लोकांना आपापल्या जन्मभाषा ऐकू आल्या. करिंथात मात्र बोलणारा माणसांशी नव्हे तर देवाशी बोलतो आणि त्याचं कोणालाच समजत नाही, असं पौल लिहितो. पेन्टेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीच्या लोकांना पहिलंच चित्र खरं वाटत होतं. चार्ल्स पारहॅम हे त्या काळचे उपदेशक. देव मिशनऱ्यांना न शिकता परदेशी भाषा देतो, असं ते शेवटपर्यंत मानत राहिले. या विश्वासानं आल्फ्रेड आणि लिलियन गार हे जोडपं लॉस एंजेलिसहून कलकत्त्याला आलं. बंगाली आपल्याला मिळालेली आहे, अशी त्यांची खात्री होती. बंगाली माणसासमोर उभं राहिल्यावर ती काही चालली नाही. गार परत पळाले नाहीत. भाषेचा उपयोग प्रचाराला नाही, प्रार्थनेला आहे असं म्हणून त्यांनी काम चालू ठेवलं आणि पुढं हाँगकाँगला गेले. बहुतेक पेन्टेकॉस्टल आज त्यांच्या याच मतावर आहेत.

टोरांटोचे भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत असं पुष्कळ बोलणं तपासलं. त्यांचं म्हणणं, यात बोलणाऱ्याच्या ओळखीचेच ध्वनी फिरून फिरून येतात, चालही भाषेसारखी असते, पण शब्द आणि व्याकरण बांधलेलं नसतं. विश्वास असलेल्यानं यावर चिडायचं कारण नाही. तान्हं लेकरू आईशी बोलतं त्यालाही व्याकरण नसतं.

एक गंमत सांगतो. देगलूरकडून एक मावशी लेकीकडं आल्या होत्या, रविवारी मंडळीत बसल्या. प्रार्थनेच्या वेळी भडाभडा बोलू लागल्या. सगळे शांत झाले. मग एक भाऊ उठले आणि त्यांनी डोळे मिटून 'अर्थ' सांगितला : प्रभू म्हणतो, या जिल्ह्यावर मी पाऊस पाडीन, आशीर्वादाचा पाऊस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपासना झाल्यावर लेक हसत सांगू लागली की आई तेलुगू बोलत होती, नातवाचा ताप उतरू दे एवढंच मागत होती. ते भाऊ चांगले आहेत, आजही आमच्यात आहेत. अर्थ सांगायला मात्र आता पटकन उठत नाहीत.

प्रत्यक्षात ऐकायला कसं असतं?

बाहेरच्याला वाटतं आरडाओरडा. तोही असतो, खोटं कशाला बोलू. पण मला आठवते ती आमच्या मंडळीतली एक आजी. सत्तरीच्या पुढची, निरक्षर, सोयाबीनच्या खळ्यावर मजुरी करणारी. रात्रीच्या प्रार्थनेला लाइट गेली की सगळे मोबाइलची बॅटरी शोधायचे, त्या अंधारातच बसून राहायच्या. पदर डोक्यावर, दोन्ही तळवे मांडीवर उघडे, वाटी धरल्यासारखे. आधी मराठीत सुरू व्हायचं : बापा, सुनेला दिवस गेलेत, बापा, धाकट्याची दारू. मग मराठी विरळ होत जायचं आणि तोंडातून दुसरंच काही यायचं, 'र' आणि 'ल' जास्त असलेलं, जात्यावरच्या ओवीच्या लयीत. तीन-चार मिनिटं. मग पुन्हा मराठी, आणि शेवटी 'आमेन'. कोणाला ऐकवायचं नसायचं. दोन हात अंतरावर बसलं तरच ऐकू यायचं.

हे आपल्याकडच्या अंगात येण्यासारखंच आहे ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि विचारताना लोक सगळ्यात जास्त लाजतात तो हा प्रश्न. लाजू नका. तुळजापूर आणि माहूर आपल्याच मुलखात आहेत, वारं येणं काय असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. आमच्या कितीतरी घरांत पणजीच्या अंगात येत होतं.

फरक मला असे दिसतात. अंगात आल्यावर देव त्या माणसाच्या तोंडून लोकांशी बोलतो, असं मानतात. लोक कौल मागतात, पाया पडतात, ओटी भरतात. अन्य भाषेत माणूसच देवाशी बोलतो, दिशा उलटी आहे. कोणी त्याच्या पाया पडत नाही, पडलं तर पास्टरांनी उठवायला हवं. दुसरं, पौल स्पष्ट सांगतो की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात. म्हणजे थांबायचं म्हटलं तर थांबता येतं. ती आजी नातवानं हाक मारली की थांबायची, "आले रे" म्हणायची. 'मला आवरतच नव्हतं' असं कोणी सांगितलं तर तो आत्म्याच्या सामर्थ्याचा पुरावा आहे असं मी धरत नाही. तिसरं, शुद्ध जात नाही, काय झालं ते नंतर आठवतं.

आता दुसरी बाजू. बाहेरून बघितलं तर साम्य आहेच. घुमणं, केस सुटणं, थरथरणं, किंचाळणं आमच्याही सभांत होतं. पण केरळातल्या मंडळीत लोक असे घुमत नाहीत, मी तिथं जाऊन बघितलंय. तिथली माणसं जागेवर उड्या मारतात, टाळ्या पिटतात. म्हणजे देहानं भक्ती कशी करायची हे माणूस आपल्या मातीतून शिकतो, ख्रिस्ती झाला म्हणून अंगाची सवय पालटत नाही. यात मला काही वाईट दिसत नाही. वाईट दिसतं ते एवढंच की काही उपदेशक शेजाऱ्याच्या अंगात येतं त्याला सैतान म्हणतात आणि आपल्या मांडवात तेच झालं की अभिषेक म्हणतात. निदान दोन्हीकडं डोळे तेवढेच उघडे ठेवावेत.

हे सगळं अमेरिकेतून आलेलं ना?

अर्धं खरं. नेहमी सांगितली जाते ती गोष्ट अशी : कॅन्ससमधल्या टोपेका गावात पारहॅम यांची बायबल शाळा होती. १ जानेवारी १९०१ रोजी तिथं अ‍ॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. पुढं ह्यूस्टनला पारहॅम शिकवत असताना विल्यम सेमोर नावाचा काळा उपदेशक त्यांच्या वर्गाला आला. तेव्हाच्या वर्णभेदामुळं त्याला खोलीच्या दाराबाहेर बसून ऐकावं लागलं. त्याचे आईवडील पूर्वी गुलाम होते. हाच सेमोर १९०६ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरच्या एका जुनाट इमारतीत सभा घेऊ लागला आणि तिथं काळे, गोरे, मेक्सिकन एकत्र गुडघे टेकू लागले. दाराबाहेर बसवलेल्या माणसाच्या हातून चळवळ पसरली. मराठवाड्यात दाराबाहेर बसणं म्हणजे काय, हे कोणाला समजवावं लागत नाही.

पण अझुसाच्याही आधी, जून १९०५ मध्ये, आपल्या पुण्याजवळच्या केडगावला काय झालं ते आपल्याच लोकांना माहीत नसतं. पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. दुष्काळात वाचवलेल्या मुली, विधवा, अनाथ अशा शेकडो जणी तिथं राहत. वेल्समध्ये आणि पाठोपाठ आपल्या खासी टेकड्यांत संजीवन, म्हणजे मंडळ्यांत नवी जागृती, झाल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीला रोज प्रार्थनेला बसायला तयार असलेल्यांना बोलावलं. सत्तर जणी पुढं आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. मग एका रात्री मुलींच्या खोलीत एकीवर आत्मा उतरला. दुसरीला ती पेटलेली दिसली आणि तिच्यावर ओतायला ती पाण्याची बादली घेऊन धावली, असं मिनी अब्रॅम्स यांनी लिहून ठेवलंय. अब्रॅम्स म्हणजे रमाबाईंच्या सहकारी. मुली रडत पापं कबूल करू लागल्या. वर्ग बंद पडले, रात्रभर प्रार्थना चालल्या. १९०६ च्या अखेरीपर्यंत मुक्तीत अन्य भाषाही ऐकू येऊ लागली. म्हणजे ज्या मुलींना कालपर्यंत अक्षरओळख नव्हती, ज्यांना कोणी चार शब्द बोलू दिले नव्हते, त्या बोलू लागल्या.

अब्रॅम्सबाईंनी १९०६ मध्ये यावर एक छोटं पुस्तक काढलं आणि त्याची प्रत चिलीतल्या मेथडिस्ट मिशनरी हूव्हर दांपत्याला पाठवली. हूव्हरबाई त्यांच्या वर्गमैत्रीण. १९०९ मध्ये चिलीच्या वाल्परायझो शहरात पेन्टेकॉस्टल जागृती झाली, तिचं मूळ असं केडगावपर्यंत जातं. तेव्हा कोणी 'ही अमेरिकन फॅशन' म्हणालं की मी केडगावचं तिकीट काढा म्हणतो.

आणि आता मघाची गोष्ट. रमाबाईंनी भाषांना विरोध केला नाही, चेष्टा करणाऱ्यांना त्यांनी उत्तरही दिलं. पण अन्य भाषा हे अनेक दानांपैकी एक आहे, आत्म्याचा बाप्तिस्मा मिळालेल्या प्रत्येकानं ती बोललीच पाहिजे असं नाही, ही त्यांची भूमिका होती. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला बसलेल्या बाईचं हे मत आहे. माझा आवाज खाली येतो तो यामुळं.

मी वर्षानुवर्षं मागतोय, मला भाषा मिळत नाही. माझ्यात पाप आहे का?

मी बावीस वर्षांचा असतानाची गोष्ट. मे महिना, पत्र्याची शेड, उपवास-प्रार्थनेची रात्र. बाहेरून आलेले एक उपदेशक, नाव सांगत नाही, आम्हा तरुणांना पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवत होते. माझी पाळी आली. "जीभ सैल सोड. हालेलुया म्हण. अजून जोरात. अजून भराभर." मी म्हणत गेलो. पाच मिनिटं भराभर कोणताही शब्द म्हणा, जीभ अडखळणारच. हालेलुयाचं 'लुयालालुया' झालं आणि त्यांनी माईकवर ओरडून सांगितलं, "मिळालं! भावाला मिळालं!" ढोलक सुरू झाली. आईच्या डोळ्यांत पाणी. पहाटे घरी आलो तेव्हा मला एकच गोष्ट पक्की माहीत होती, की मला काही मिळालेलं नाही. पण आईला कसं सांगणार? दीड वर्ष मी दर रविवारी तेच 'लुयालालुया' म्हणत राहिलो. प्रार्थना करायची असली की मला त्याचाच वीट यायचा.

शेवटी एका म्हाताऱ्या पाळकांना सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं. ते म्हणाले, "उद्यापासून बंद कर. मराठीत प्रार्थना कर, देवाला मराठी येते."

नंतर केव्हातरी, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी शेतात एकटा होतो. भावाच्या कर्जाचं मनात होतं, तेच देवाला सांगत होतो आणि शब्द संपले. मग जे आलं ते मी शिकलेलं नव्हतं. फार वेळ नाही. बाजूच्या रानातले काका बांधावर येऊन म्हणाले, "कोणाशी बोलायलास रे फोनवर?" माझ्याकडं तेव्हा फोनही नव्हता.

म्हणून वर्गात कोणी हा प्रश्न विचारला की मी आधी हे विचारतो : तुम्हाला देव पाहिजे की खूण पाहिजे? नुसत्या खुणेसाठी लोक काय काय करतात ते मी केलंय. जीभ हलवून दाखवणं, दुसऱ्याचे आवाज ऐकून पाठ करणं, भीतीनं होय म्हणणं, यांतलं काही आत्म्याला लागत नाही. कोणी शिकवत असेल तर तिथून उठून या. मिळालं नाही म्हणजे लपवलेलं पाप आहे, असंही कोणी तुमच्या गळ्यात मारू देऊ नका. २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं दहा देशांत पाहणी केली. त्यांतल्या सहा देशांत पेन्टेकॉस्टल म्हणवणाऱ्यांपैकी किमान ४० टक्के लोकांनी आपण अन्य भाषेत कधीच बोलत नाही असं सांगितलं. तुम्ही एकटे नाही. फक्त मंडळीत हे कोणी उठून सांगत नाही.

सगळे एकदम बोलतात. पौलानं तर दोघं-तिघंच म्हटलंय?

बरोबर पकडलंत. १ करिंथ १४ मध्ये नियम स्पष्ट आहे : दोघे, फार तर तिघे, तेही आळीपाळीनं, आणि कोणी तरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून मनाशी आणि देवाशी बोलावं. आमचे लोक म्हणतात हा नियम संदेशाला आहे, एकत्र प्रार्थनेला नाही. जिथं सगळे आपापलं देवाशी हळू बोलताहेत तिथं हे चालेल. माईकवर मात्र चालत नाही. पौल त्याच अध्यायात म्हणतो की मंडळीत भाषेचे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजणारे पाच बोलणं मला बरं वाटतं. आणि बाहेरचा माणूस आत आला तर तुम्हाला वेडे म्हणणार नाही का, हेही त्यानंच विचारलंय. भोंगा गल्लीकडं तोंड करून लावणाऱ्यांनी हे वचन भिंतीवर लिहावं.

ही दानं प्रेषितांबरोबरच बंद झाली, असं आमचे पाळक म्हणतात.

असं मानणारी मोठी परंपरा आहे. १ करिंथ १३ मध्ये 'भाषा बंद पडतील' असं आहे, त्यावर ते बोट ठेवतात. पण कधी? पूर्ण ते येईल तेव्हा. ते 'पूर्ण' म्हणजे बायबल लिहून झालं तो दिवस, असं ते म्हणतात. आम्ही म्हणतो, प्रभू परत येईल तो दिवस. त्याच ओळीत ज्ञानही नाहीसं होईल असं लिहिलंय, आणि पाळकांचं ज्ञान अजून चालू आहे. (हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणालोय. ते हसले.) कॅथलिकांतही १९६७ पासून करिश्माई चळवळ आहे, त्यांच्यातही लोक अन्य भाषेत प्रार्थना करतात.

डॉक्टर याला वेड म्हणतात का?

नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी अन्य भाषेत प्रार्थना करणाऱ्या पाच बायकांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, ती पाहणी २००६ मध्ये छापून आली. भजन म्हणतानाच्या तुलनेत भाषेत बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली. त्या भागातून आपण बोलणं ठरवून चालवतो. 'मी बोलत नाही, माझ्यातून येतं' असं बायका सांगतात त्याच्याशी हे जुळतं. पाचच बायका आहेत, एवढ्यावरून यंत्रानं देव सिद्ध झाला म्हणून नाचू नये आणि नसल्याचंही सांगू नये.

आत्मा उतरला की गोळ्या सोडायच्या का?

सोडायच्या नाहीत. शुगरच्या नाहीत, बीपीच्या नाहीत, फिटच्या तर मुळीच नाहीत. आम्ही आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करतो, बरे झालेलेही पाहिलेत. गोळी कमी करायची तर डॉक्टर करतील. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. प्रार्थना दवाखान्यात नेताना गाडीतही होते.

रविवारी नुसतं बघायला आलं तर चालेल का? बाप्तिस्मा घ्या म्हणून मागं लागतील?

या. मागं कोणी लागलं तर मला सांगा. दहाला सुरू होतं असं म्हणतात, साडेदहा धरा. दसऱ्यानंतर आलात तर निम्मी मंडळी ऊसतोडीला गेलेली असते, जागा मिळते. मार्चनंतर आलात तर मागं दाराजवळ बसा, वारा तिथंच लागतो. गाणी जोरात असतात, लहान लेकरू असेल तर ढोलकीपासून लांब बसवा. पुढं बोलावलं तर जायलाच पाहिजे असं नाही, हात वर केला नाही तरी चालतं, दानाची पिशवी आली तर पुढं सरकवा. अन्य भाषेची प्रार्थना बहुतेक दुसऱ्या गाण्यानंतर सुरू होते. तेव्हा डोळे उघडे ठेवून बघितलं तर कोणी रागावत नाही, मीही ठेवतो. संपल्यावर चहा असतो, साखर जरा जास्तच घालतात.